एकपट, दुप्पट, चौपट

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "चेन्नईला फार उकडतं का हो?" डिसेंबरात नाही उकडत. उलट तिथली म्हातारी मंडळी सकाळी कानावरून माकडटोप्या ओढून फिरायला निघतात. त्याच हवेत आपण सांगलीकर बनियनवर गच्चीत बसलो असतो. पण मी काही हवा बघायला गेलो नव्हतो. मी केतकीला परत आणायला गेलो होतो. तिथे काय झालं ते ज्याला त्याला तोंडी सांगून घसा दुखायला लागला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी थोडं घरचं. मी चाली लावतो. नाटकाच्या, भावगीतांच्या, कोणी प्रेमाने आणि मानधन देऊन मागितल्या तर शाळेच्या स्वागतगीताच्यासुद्धा. यंदा एक नवं संगीत नाटक उभं राहत होतं आणि त्याच्या शेवटच्या अंकात माझं एक जुनं गाणं घेतलं होतं, ‘थांब थोडी, सांजवेळे, दीप अजुनी लागला ना’. ऐन तारुण्यात मीच गाऊन त्याची कॅसेट काढली होती. गाण्यात जिथे गळा अवचित वळतो आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलते त्या वळणाला आम्ही ‘जागा’ म्हणतो. या गाण्यात ‘सांजवेळे’वर एक जागा आहे. माझ्या नावाला जी काही किंमत आहे ती त्या एका जागेमुळे आहे, हे मलाही ठाऊक आहे आणि गावालाही.

ती जागा शिकवून येत नाही, असं मी आजवर प्रत्येक शिष्याला सांगत आलो. रक्तात असावी लागते. कोणाला आली नाही, तेव्हा माझं म्हणणं मला आणखीच पटलं. फक्त केतकीच्या गळ्यात ती उतरली, आणि ही केतकी कॉम्प्युटर शिकून चेन्नईला नोकरीला निघून गेली.

नाटकात नायिकेचं काम मंजिरी करत होती. गोड गळ्याची, सुरात पक्की, वेळेवर येणारी मुलगी. पण ‘सांजवेळे’ आलं की मी तिला थांबवायचो. नाही, तसं नाही. पुन्हा. मी गाऊन दाखवायचो, ती म्हणायची, मी पुन्हा थांबवायचो. एकदा ती म्हणाली, "सर, तुम्ही म्हणता तसंच म्हणते आहे मी." मी तिला उलट बोलते म्हणून झापलं. ती रडली, पेटीवाला रुसला आणि आमचा दिग्दर्शक, जो एरवी गरीब स्वभावाचा आहे, तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "एक तर केतकीला आणा, नाही तर गाणं कापूया. असं रोज नाही चालायचं."

माझं तेच गाणं कापायचं! मी केतकीला फोन लावला. ती हसून म्हणाली, "सर, तुम्ही या तर खरे. शनिवारी सकाळी माझा क्लास असतो, तोही बघा." क्लास म्हणजे पोरीने तिकडे शिकवण्या सुरू केल्या असणार, असं धरून मी खूश झालो. माझी विद्या मद्रासेत पोचली, असं बायकोला सांगितलंसुद्धा.

मैलापूर

सोलापूरला गाडी पकडली आणि प्रवासाचं वर्णन तेवढंच पुरे. स्टेशनवर केतकी नव्हती. तिच्याऐवजी माकडटोपी घातलेले, धोतर नेसलेले एक उंच गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आपण सांगलीहून आलां की? मी सेतूराव. केतकी शोळिंगनल्लूरास आफिसांत अहे, सांजेस येईल. जेवण जालें?"

मला वाटलं हा माणूस माझी थट्टा करतोय. असं मराठी मी फक्त ऐतिहासिक नाटकात ऐकलं होतं, आणि तेही पडदा पडल्यावर बंद व्हायचं. यांचं चालूच होतं. हे सेतूराव तंजावरच्या मराठी घराण्यातले, जन्म तिथला, नोकरी सरकारी कचेरीत चेन्नईत झाली. त्यांच्या घराच्या माडीवर केतकी राहते. बोलतात मराठी, पण मोजतात तमिळमध्ये, आणि रिक्षावाल्याशी भांडले तेही तमिळमध्ये. सूर मात्र दोन्हींना एकच, वाक्याच्या शेवटी वर जाणारा.

घरी त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी वाफाळता पोंगल वाढला, म्हणजे मऊ मूगखिचडी, तुपात मिरी तरंगणारी. शेजारी वाटीत दह्यातलं उडदाच्या पिठाचं काहीतरी होतं. चव घेतली आणि हात थांबला. आपलं डांगर! कांदा नाही आणि वरून मोहरीची फोडणी, पण डांगरच. मी तसं म्हटलं तर कमलाबाई म्हणाल्या, "डांगर पचडी. तुमच्या गांवांतही करतात की काय?" त्यांच्या मते ते तंजावरचं, आम्ही कुठूनतरी उचललेलं. मी वाद घातला नाही. पोंगल संपायचा होता.

सभा

डिसेंबरात चेन्नईत गल्लोगल्ली गाणं असतं. इथे गाण्याच्या बैठकीला कच्छेरी म्हणतात आणि ती ठेवणाऱ्या संस्थेला सभा. दुपारच्या कच्छेरीला तिकीट नसतं. सेतूराव मला तिथे घेऊन गेले. व्यासपीठावर एक तरुण गवई, एक व्हायोलिन, एक मृदंगम्. खाली खुर्च्यांवर बहुतेक आमच्या वयाची मंडळी.

गाणं सुरू झालं आणि हॉलभर फटाफट आवाज यायला लागले. बघतो तो निम्मी माणसं मांडीवर चापट्या मारताहेत. एक चापट, मग करंगळीपासून बोटं मोजायची, पुन्हा चापट, हात उलटा. आधी मला डासच वाटले. मग कळलं, ताल धरलाय. सगळ्यांनी! आमच्याकडे ताल धरणं हे तबलेवाल्याचं काम आणि ऐकणाऱ्याने मोजायला लागणं म्हणजे असभ्यपणा. कोणी मैफलीत असं बोटं मोजायला लागला तर आम्ही समजतो की हा गवयाची परीक्षा घ्यायला आलाय.

त्यात माझ्या डाव्या हाताचे एक गृहस्थ दर ओळीला मान नकारार्थी हलवून "च् च् च्" करायचे. आमच्याकडे शेजारच्याची म्हैस मेली तर असा आवाज काढतात. मला गाणं चांगलं वाटत होतं, पण शेजारी इतकी हळहळ चाललेली पाहून मीही गंभीर चेहरा केला आणि सेतूरावांना हळूच विचारलं, "काय, फार चुकतोय का?"

"कोण म्हणालें?" सेतूराव चकित होऊन म्हणाले. "मामा किती खूश अहेत, ऐकूं येत नाही की?"

हे पचवेपर्यंत गवई थांबला आणि मृदंगम् एकटा वाजायला लागला. आता रंग भरणार म्हणून मी सरसावून बसलो, तर हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या. माणसं उठली. एक रांग, दुसरी रांग, नमस्कार नाही, संकोच नाही, सरळ दाराकडे. आमच्याकडे तबलजीचा सोलो चालू असताना कोणी असं उठलं असतं तर तबलजीने हातोडी फेकून मारली असती. मी संतापून सेतूरावांकडे पाहिलं. ते उठून उभेच होते. म्हणाले, "चला, चला. कीरै वडा संपेल."

कँटीन मांडवात होतं. केळीच्या पानाच्या तुकड्यावर पालेभाजीचा कुरकुरीत वडा आणि पितळी वाटी-पेल्यात कॉफी. मी रागावलो होतो हे खरं, पण वडा उत्तम होता हेही खरं. खांबावर एक कर्णा लावला होता आणि त्यातून आतला मृदंगम् ऐकू येत होता. मी सेतूरावांना सुनावलं. तुम्ही मंडळी गाणं ऐकत नाही, गणित सोडवता आणि मधल्या सुट्टीत वडा खाता. भाव कुठे आहे यात? रस कुठे आहे?

ते उजव्या हाताने खात होते. डावा हात टेबलावर होता. चापट, करंगळी, अनामिका, मधलं बोट. माझं सगळं भाषण त्यांनी ऐकून घेतलं आणि हात न थांबवता म्हणाले, "सर, ताल ठेवितां ठेवितां रडूं येत नाही, असें कोणी सांगितलें?" मग एकदम पेला खाली ठेवून उठले. "आतां येईल. चला."

आम्ही आत खुर्चीवर टेकलो न टेकलो तोच मृदंगम् वळणं घेत घेत शेवटाला आला आणि गवयाने आपली ओळ नेमकी उचलली. वडा खायला गेलेले सगळेच्या सगळे जागेवर होते. कोणी घड्याळ पाहिलं नव्हतं. पुढची एक बाई त्या ओळीबरोबर डाव्या हाताने पदराने डोळे पुसत होती. उजवा हात मांडीवर मोजतच होता.

मला हे आवडलं नाही, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. ती बाई मला खोटं ठरवत होती. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, यांची तऱ्हा यांच्यापाशी. आपण आपल्या केतकीला घेऊन जाऊ.

ती संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरली, गळ्यात ओळखपत्राची फीत, डोळे शिणलेले. वाकून नमस्कार केला, "काकू कशा आहेत" विचारलं. नाटकाचं मी काढलं तसं म्हणाली, "सर, उद्या क्लास झाला की बोलू."

शनिवार सकाळ

क्लास जानकीमामींच्या घरी, दोन गल्ल्या सोडून. रस्त्यात दारोदार तांदळाच्या पिठाच्या मोठाल्या रांगोळ्या, त्या तुडवू नयेत म्हणून मी उड्या मारत चाललो होतो. केतकी पुढे, सेतूराव मागे. जानकीमामी साठीच्या, नाकात दोन्ही बाजूंना चमकी, केसात मोगरा. या भागातल्या पोराबाळांना गाणं शिकवणाऱ्या बाई. मला खुर्ची दिली. जमिनीवर सतरंजीवर मुलंमुली रांगेने बसली होती, सगळी दुधाचे दात पडण्याच्या वयाची.

मी वाट पाहत होतो की केतकी आता समोर बसेल आणि शिकवायला लागेल. केतकी गेली आणि रांगेत, एका दोन वेण्यांच्या मुलीच्या शेजारी मांडी घालून बसली.

मला काही कळेना. मामींनी आधारसुराची श्रुतीपेटी लावली, मांडीवर चापट मारली आणि सगळी मुलं ‘स री ग म प द नी स’ (त्यांचा ‘द’ म्हणजे आपला ‘ध’) म्हणायला लागली. केतकीही. सरळ वर, सरळ खाली. मग तेच दुप्पट लयीत. मग चौपट. हात मांडीवर चाललेले. एक पलटा झाला की दुसरा, तोही एकपट, दुप्पट, चौपट. माझी केतकी! राज्यभरच्या स्पर्धांत पहिली आलेली, जिच्या गाण्यावर भल्याभल्यांनी माना डोलावल्या, ती बिगरीच्या पोरांत बसून सारेगम घोकत होती. तिडीक माझ्या डोक्यात गेली. मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की सेतूरावांनी विचारलं, "पाणी होणें की?"

मामी इंग्रजी आणि तमिळ मिसळून बोलायच्या, सेतूराव मला मराठीत सांगायचे. मी त्यांना विचारायला लावलं की हिला हे कशासाठी. मामींना प्रश्नच कळला नाही. "नवीन शिकायचं तर पहिल्यापासूनच ना," एवढंच म्हणाल्या. त्यांच्याकडे कोणीही आलं, कितीही गाणारं असलं, तरी याच रांगेत बसतं म्हणे. मग त्यांनी केतकीकडे पाहिलं, केतकीने मान हलवली, आणि मामी मुलांना म्हणाल्या, "सरांचं म्हणा."

आता चापट फार सावकाश पडली. मुलांनी एका आवाजात सुरू केलं: नी, द, म. द, म, ग. म, ग, री, स.

पहिल्यांदा मला काहीच कळलं नाही. नुसते सुटे स्वर, एकेक करून मांडलेले. प्रत्येक स्वर कुठून उचलायचा, कुठे किंचित हलवायचा, ते मामी हाताने हवेत दाखवत होत्या. हात उलटला, दुसऱ्यांदा तेच. मग दुप्पट झालं आणि माझ्या अंगावर काटा आला. मग चौपट झालं, आणि त्या पोरांच्या तोंडून, शब्द नाही, भाव नाही, पेटीची साथ नाही, माझं ‘सांजवेळे’ बाहेर पडलं. ती जागा. अख्ख्या रांगेने घेतली. एकाचाही स्वर इकडचा तिकडे झाला नाही. शेवटचा सा झाल्यावर एकाने नाक पुसलं.

मी आयुष्यात एवढा हादरलो नव्हतो. ज्या गोष्टीला मी रक्तातली म्हणत होतो ती या मुलांना तिसरा-चौथा शनिवार असेल नसेल, तेवढ्यात आली होती. त्यांना मराठी येत नव्हतं. सांजवेळ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी कोण तेही माहीत नव्हतं, ‘सर’ म्हणजे माझं नाव असावं असं त्यांना वाटत होतं. मला राग आला, लगेच अभिमान वाटला, आणि मग कोणी माझ्या घरातली भिंत उचलून रस्त्यावर नेऊन ठेवल्यासारखं वाटलं.

जानकीमामी हात जोडून म्हणाल्या, "सर, आता तुम्ही एकदा म्हणा. मुलांना मूळ ऐकू दे."

मूळ! या शब्दाने मी जरा सावरलो. खाकरलो, डोळे मिटले आणि गायलो. मनापासून गायलो, आमच्याकडे ज्याला जीव ओतणं म्हणतात तसं. ‘थांब थोडी, सांजवेळे…’

डोळे उघडले तर मुलांचे हात हवेत अर्धवट थांबलेले. सगळी मामींकडे बघत होती. त्यांचा ताल कुठेतरी अडकला होता. मामींनी घाईने हसून म्हटलं, "सरांनी वेगळं म्हटलं. छानच. ज्याची चाल तो बदलू शकतो."

मी बदललं नव्हतं. मी म्हटलं, पुन्हा म्हणतो. पुन्हा म्हटलं. पुन्हा हात थांबले. केतकी सतरंजीकडे बघत होती.

"काय वेगळं आहे?" मी विचारलं. मला मराठीतच विचारायचं होतं, केतकीला.

ती उठली आणि कोपऱ्यातल्या टेपरेकॉर्डरपाशी गेली. तिनेच मामींना आणून दिलेली माझी जुनी कॅसेट आत होती. तिने बटण दाबलं. तरुणपणीचा माझा आवाज त्या खोलीत आला, जरा पातळ, फार आत्मविश्वासाचा, आणि ‘सांजवेळे’वर वळला. नी ध म, ध म ग. मुलांनी चापट्या मारून बरोबर धरलं. तो आवाज ‘ध’वरून खाली येताना ‘म’ला नुसता शिवत होता, आणि मग ‘ग’वर उतरत होता. तो शिवलेला ‘म’ म्हणजेच ती जागा.

मी आता ‘ध’वरून थेट ‘ग’वर पडत होतो. मधे काहीच नव्हतं.

मी तिसऱ्यांदा गायलो, या वेळी ‘म’ घ्यायचाच असं ठरवून. गळ्याने तो घेतला नाही. माझ्याच गळ्याने. मुलं आता माझ्याकडे बघत होती, आणि एवढ्या लहान मुलांच्या डोळ्यांत दया नसते, नुसतं कुतूहल असतं, ते फार वाईट असतं.

देवळापाशी

क्लास सुटल्यावर केतकी मला देवळाच्या तळ्यासमोरच्या हॉटेलात घेऊन गेली. सेतूराव शहाणे, ते भाजी घ्यायची म्हणून मागे राहिले. कॉफी आली. तिथे कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात उंचावरून ओतून निववतात. मी तसं करायला गेलो आणि अर्धी सदऱ्यावर ओतली. भाजलंसुद्धा. पोऱ्याने येऊन टेबल पुसलं, तरी मी तसाच बसलो होतो.

"तुला केव्हापासून माहीत आहे?" मी विचारलं.

"गणपतीत आले होते ना, तेव्हा तालमीत तुम्हाला ऐकलं. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम बदललंत."

"आणि म्हणालीस का नाही?"

"तुम्हाला?" ती म्हणाली. माझा स्वभाव तिलाही ठाऊक आहे.

मग तिने आपणहून सांगितलं. "सर, मला तुमच्याकडे ती जागा आली, पण कशी आली ते मला कधी कळलंच नाही. इथे आल्यावर पहिल्या वर्षी सर्दी झाली आणि ती गेली. आठवडाभर येईचना. मी ऑफिसच्या बसमध्ये बसून रडायचे. मग आपोआप आली परत. पण भीती बसली. पुन्हा गेली तर कुठे शोधू? तुम्ही तर म्हणायचात, शिकवून येत नाही. मग मामींकडे गेले. मला त्यांचं गाणं शिकायचं होतं, पण त्याहून जास्त, आपण काय गातो ते बघायला शिकायचं होतं."

मी वाटीतली उरलेली कॉफी प्यायलो. डोक्यात एक गोष्ट हळूहळू सरकत होती, आणि ती पुरती समोर आली तेव्हा मला सकाळच्यापेक्षा मोठा धक्का बसला.

मंजिरी चुकत नव्हती.

मी गायचो तेच ती गायची, जसंच्या तसं. ‘ध’वरून थेट ‘ग’. माझ्या कानात माझंच जुनं गाणं वाजत असायचं, म्हणून मी गाताना मला ती जागा ऐकू यायची. तिने तेच परत म्हटलं की मला भोक ऐकू यायचं. ते भोक माझं होतं. आणि इतके दिवस ती पोर माझ्यासमोर उभी राहून, रडून, पुन्हा उभी राहून मला तेच सांगत होती.

हे मी केतकीला सांगितलं. तिने माझा हात धरला. माझ्या कोणत्याही शिष्येने आजवर माझा हात धरलेला नाही, पाय धरलेत. मला भर हॉटेलात रडू आलं. शेजारच्या टेबलावरचे एक मामा कॉफी ओतता ओतता माझ्याकडे बघून "च् च् च्" म्हणाले. मला क्षणभर कळेना की ते हळहळताहेत की खूश आहेत.

"मी नाही येणार, सर," केतकी म्हणाली. "नोकरी आहे, क्लास आहे, आणि मंजिरीचं काम मी घेणार नाही. पण ती जागा तिला येईल. कोणालाही येईल. फक्त तुम्ही तिला गाऊन दाखवू नका. स्वर सांगा."

"मला स्वर तरी कुठे माहीत आहेत?"

"मग आज दुपारी बसा."

त्या दुपारी आणि रविवारी सेतूरावांच्या माडीवर बसलो. मी खाली, केतकी समोर. कमलाबाई मधूनच येऊन दारात उभ्या राहायच्या आणि माझा हात चुकला की "आतां वीच्चु" म्हणजे हात उलटा करायचा असं सांगून जायच्या. त्यांना गाणं येत नाही म्हणे. समुद्रही पाहिला नाही मी, त्सुनामीला दोन वर्षं होत आली म्हणून तिकडे लोक फुलं सोडायला जात होते, सेतूरावांनी दोनदा विचारलं, मी नाही म्हटलं. चेन्नईत जाऊन काय काय पाहिलं असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मी एक ‘म’ पाहिला.

सांगली

परत आल्यावर पहिल्या तालमीला मी मंजिरीला पेटीवाल्यासमोरच खाली बसवलं. म्हटलं, गाऊ नकोस, मोजायला लाग. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चेन्नईची हवा मानवली नाही, असं कोणीतरी पुटपुटलं. मी लक्ष दिलं नाही. नी, ध, म. ध, म, ग. एकपट, दुप्पट, चौपट. मी फक्त स्वर बोललो, गायलो नाही. तिसऱ्या तालमीला तिने शब्दांसकट ती ओळ घेतली आणि पेटीवाल्याचे हात पेटीवरच थबकले.

दिग्दर्शकाने डोळे पुसले आणि मला विचारलं, "हिला इतके दिवस काय झालं होतं?"

"हिला काही झालं नव्हतं," मी म्हटलं. तो आणखी काही विचारणार होता, पण मंजिरी ऐकत होती, म्हणून मी तिच्या देखतच पुढचं सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तेवढं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मंजिरी मागे थांबली. सतरंजी पुन्हा पसरली, माझ्यासमोर मांडी घातली आणि म्हणाली, "सर, आता तुम्ही म्हणा. मोजणं सोडायचं नाही."

तेव्हापासून रोज तालीम संपली की आम्ही बसतो. एकपट बरी जमते. दुपटीत माझा ‘म’ अजून निसटतो. निसटला की मंजिरी मला थांबवते.